स्वयंपाकघरातली चार गाणी

९ फेब्रुवारी १९६३, शनिवार

लेआंद्र आला. पत्र नाही, तार नाही. मी पीठ मळत होते, तर हा दारात उभा. मिशांवर बर्फ, पाठीला गिटार आणि पायांत मॉन्ट्रिअलचे ते पातळ तळव्यांचे बूट. म्हटलं, "अरे, हे बूट आहेत की मोजे?" हसला, पण ओठांपुरताच. त्याची आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता. तेव्हापासून मीच वाढवलाय त्याला, मला कळतं. त्याचा बाप म्हणजे माझा धाकटा भाऊ ऑरेल. त्याला लाकडाच्या गिरणीपलीकडे जग नाही.

वाटाण्याचं सूप दोनदा घेतल्यावर बोलायला लागला. रेकॉर्ड कंपनीने डिसेंबरात त्याची चार गाणी ध्वनिमुद्रित केली होती. आता तिथले साहेब म्हणतात, गाणी स्वच्छ आहेत, पण मेलेली आहेत. "यात माणूस कुठाय?" असं विचारलं म्हणे. मार्चअखेरपर्यंत हीच चार गाणी पुन्हा करून द्यायची. त्यात जीव असला तर तबकडी निघेल, नाहीतर करार रद्द.

"आणि रद्द झाला तर?"

"तर काय, बाबांच्या गिरणीत फळ्या मोजीन."

मी तोंडाने अरेरे म्हटलं. पण ही वही कुणी वाचत नाही, तेव्हा खरं लिहायला हरकत नाही. मला बरं वाटलं. चौतीस वर्षं मी चर्चमध्ये ऑर्गन वाजवतेय. गुडघे कुरकुरतात. फादर दर नाताळला विचारतात, "मादमवाझेल बेल्झील, तुमच्यानंतर कोण?" लेआंद्रला आठव्या वर्षी ऑर्गनवर मीच बसवलं होतं. माझ्यानंतर तोच, दुसरं कोण? देवाने त्याला परत पाठवलंय, असं मी समजते.

त्याच्या पलंगावर जादा रजई टाकली.

११ फेब्रुवारी, सोमवार

आज त्याने ती मॉन्ट्रिअलची नमुन्याची तबकडी वाजवून दाखवली. ऐकायला ऑरेलही आला होता, बूट न पुसता.

गाणी चांगलीच आहेत. एक गोठलेल्या नदीवरून टपाल घेऊन येणाऱ्या माणसाचं, एक बर्फ फुटतो त्या दिवसाचं, एक ओंडके वाहून नेणाऱ्यांचं. चौथं संथ आहे, स्वयंपाकघरातल्या दिव्याबद्दल. पण काय तो आवाज! आपला मुलगा पॅरिसच्या पाहुण्यासारखा गातोय. शब्द एवढे जपून उच्चारलेत की जणू चिनी मातीच्या बश्या उचलतोय.

"असं गायला सांगितलं होतं त्यांनी," लेआंद्र म्हणाला. "मेणाच्या खोलीत बसल्यासारखं वाटत होतं. भिंतींना कापूस, खाली गालिचा."

"गिरणीत गालिचा नाही," ऑरेल म्हणाला. "ये तिथे, हवं तेवढं ओरड."

"ऑरेल, तू गप्प बस आणि आधी ती जमीन पूस."

"बरं ताई." पुसली त्याने. ऐकतो माझं, पण मुलाशी दोन गोड शब्द बोलायचे म्हटले की दातखीळ बसते.

१९ फेब्रुवारी, मंगळवार

माझं स्वयंपाकघर म्हणजे आता रेडिओ केंद्र झालंय. लेआंद्रचा शाळेतला मित्र ओदिलाँ जवळच्या रिमूस्की शहरातल्या रेडिओत आहे. तो केंद्रातलं जुनं ध्वनिमुद्रण यंत्र घेऊन आला. शेगडीवर मोजे वाळवायची दोरी आहे ना, तिच्यावरून त्याने माइक खाली सोडला. घड्याळ बंद केलं. किटली उचलली. मला म्हणतो, "मादमवाझेल, आता कृपा करून श्वासही हळू घ्या." दीडशहाणा! याला मी लहानपणी काकवी लावलेली भाकरी खायला घातलीय.

मी एका बाजूला मोजे रफू करत बसले. झुलती खुर्ची करकरते म्हणून सरळ पाठीच्या खुर्चीवर. लेआंद्रने टपालवाल्याचं गाणं धरलं. घरातच होता म्हणून असेल, पण या वेळी तो आपल्यासारखा गात होता. रफू करायची सुई हातातच राहिली.

गाणं संपलं आणि ओदिलाँने कानावरचे हेडफोन काढले. "मध्येमध्ये काहीतरी ठकठकतंय."

पुन्हा गाणं, पुन्हा ठकठक. खिडकीची झडप तपासली, शेगडीचं धुराडं तपासलं, नळ बांधला. मी म्हटलं, उंदीर असेल तळघरात. तर तो दिवा घेऊन तळघरात उतरला. गंमत म्हणजे कुणी शोधायला लागलं की ठकठक बंद, गाणं सुरू झालं की पुन्हा सुरू. मला तर जरा भीतीच वाटली.

शेवटी बर्फाच्या गाण्यात आवाज आला नाही, सगळे खूश, आणि शेवटचं कडवं चालू असताना दार उघडून शेजारच्या रियूकाकू आत. मागे त्यांची तीन पोरं. सात वाजले होते. रेडिओवर रोझरीची, जपमाळेच्या प्रार्थनेची वेळ, आणि त्यांचा रेडिओ बिघडलेला. घड्याळ बंद केल्याने आमच्या कुणाच्या लक्षातच नाही! काकूंनी माझा रेडिओ लावला आणि गुडघे टेकले. मग काय करणार, मी टेकले, लेआंद्रने गिटारसकट टेकले, ओदिलाँने हेडफोन न काढता टेकले. यंत्र चालूच राहिलं. रिळावर आता अर्धं गाणं आणि अख्खी रोझरी आहे.

२१ फेब्रुवारी, गुरुवार

अपमान. दुसरा शब्द नाही.

लेआंद्र गात होता, मी मोजा घेऊन बसले होते, आणि ओदिलाँ मांजरासारखा चार पायांवर टेबलाखाली शिरला. तिथूनच ओरडला, "सापडला उंदीर! मादमवाझेल, हे तुमचे पाय आहेत!"

मी म्हटलं, शक्य नाही. चौतीस वर्षं ऑर्गनवर बसलेली बाई आहे मी. माझे पाय माझ्या परवानगीशिवाय हलत नाहीत. लेआंद्रने तोंडावर हात धरला होता. मी खुर्ची सरकवली, कोट घातला आणि रियूकाकूंकडे जाऊन बसले. त्यांनी विचारलं, काय झालं? म्हटलं, काही नाही, पुरुषांचा पसारा.

दोन तासांनी परत आले तर चारही गाणी झालेली. लेआंद्रने वाजवून दाखवली. ठकठक नाही, उंदीर नाही, काही नाही. मी म्हटलं, छान, स्वच्छ आहेत. तो खिडकीबाहेर बघत राहिला. ओदिलाँ यंत्र इथेच ठेवून रिमूस्कीला गेला.

२७ फेब्रुवारी, राखेचा बुधवार

सकाळी कपाळाला राख लावून चर्चमधून आले. उपासाचे चाळीस दिवस सुरू. साखर बंद, लोणी बंद, गावातली सगळी फिडलं खुंटीवर. असल्या दिवशी लेआंद्रने मला यंत्रासमोर बसवलं. आधी टपालवाल्याचं गाणं ठकठकीसकट ऐकवलं, मग ठकठकीवाचून.

"सांग, कुठल्यात माणूस आहे?"

कळलं मला. बहिरी थोडीच आहे मी.

"आत्या, मी झोपायचो तेव्हा तू खाली बसून रफू करायचीस. तुझे पाय चालायचे. गाणं म्हणजे काय, ते मला तिथे कळलं. मॉन्ट्रिअलला खाली गालिचा आणि पाय कुणाचेच नाहीत, मी कुणाबरोबर गाऊ?"

मग म्हणतो, नीट बसून पायांनी ताल वाजव. टणक तळव्यांचे बूट घालून, खाली फळी ठेवून, चारही गाण्यांना.

मी ताडकन उठले. आमचे बाबा फिडल वाजवायचे आणि खुर्चीत बसून दोन्ही पायांनी ताल धरायचे. लग्न असो, बारसं असो, यांचे पाय लांबच्या वळणावर ऐकू यायचे. लोक म्हणायचे, बेल्झीलच्या घरात पायांना लगाम नाही. मी नन्सकडे ऑर्गन शिकले ते त्याच्यातून बाहेर पडायला. आणि आता साठीला आलेली, चर्चची ऑर्गनवाली, भर उपासाच्या दिवसांत, कपाळावर राख असताना, पाय आपटत बसू? फादरना काय सांगू?

"ईस्टरनंतर बघू," म्हटलं.

"मुदत मार्चअखेरची आहे, आत्या."

"मग माझ्याकडून होणार नाही."

"बरं," म्हणाला. एवढंच. भांडला असता तर बरं झालं असतं.

६ मार्च, बुधवार

आज इथे सरळ लिहून ठेवते. फादरची भीती आहे, खरं आहे. बाबांची लाज आहे, तेही खरं. पण मी पाय हलवले नाहीत तर तो राहतो. रोज समोर बसून जेवतो. पुढे रविवारी ऑर्गनही वाजवेल. मी फक्त स्वस्थ बसायचंय. स्वस्थ बसणं हे काही पाप नाही.

पापांची कबुली देताना फादरना यातलं काही सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं काही नाही.

१७ मार्च, रविवार

लेआंद्रने आज मिस्साला ऑर्गन वाजवला. मी खाली बाकावर बसले, चौतीस वर्षांत पहिल्यांदा. एक चूक नाही. फादर बाहेर आल्यावर माझा हात धरून म्हणाले, "आता मी निश्चिंत झालो." रियूकाकू डोळे पुसत होत्या. मला किती आनंद झाला म्हणून सांगू!

जेवताना लेआंद्र म्हणाला, "बाबांना सांगितलंय, एक एप्रिलपासून गिरणीत येतो." ऑरेल खाली मान घालून खात होता. मला वाटलं होतं तो खूश होईल. "चांगलंय," एवढंच म्हणाला, आणि ताटातला बटाटा तीनदा चिरला.

नंतर मी भांडी घासली, लेआंद्रने पुसली. बावीस वर्षं हा मुलगा भांडी पुसताना गुणगुणतो. दिवाणखान्यात पाहुणे असोत, घरात दुखणं असो, बाप ओरडत असो, हा गुणगुणणार. आज नाही. एकेक बशी पुसून जागेवर ठेवली, अगदी स्वच्छ. मला ती तबकडी आठवली.

ऑरेल दारात बूट चढवत होता. मी फडकं झटकत म्हटलं, "गुरुवारी मी-कारेम आहे."

"हं."

"उपासाचा मध्य. त्या एका दिवशी मुखवटे घालून नाचलं तरी चालतं. तोंड झाकलेलं असलं की कोण नाचलं ते कुणी विचारत नाही. फादरनाही माहीत आहे."

तो माझ्याकडे बघायला लागला. मी काही वचन दिलं नाही. फक्त वार सांगितला.

२१ मार्च, गुरुवार, मी-कारेम

झालं.

ओदिलाँ सकाळच्या गाडीने आला. दुपारी दोनला मी उशीचा अभ्रा डोक्यावर घालून जिना उतरले. डोळ्यांना दोन भोकं, गळ्याशी दोरी, अंगात आमच्या बाबांचा कोट, पायांत माझे चर्चचे बूट. ते दोघं हसून हसून वाकले. मी बजावलं, "रिवाज म्हणजे रिवाज. मी कोण, ते तुम्हाला माहीत नाही."

ओदिलाँने लगेच ओळखलं काय करायचं ते. "नमस्कार बाई! लांबून आलात का? लेआंद्र, ओळख पाहू."

"रियूकाकू?"

मी मान हलवली, नाही.

"फादर?"

"अरे गाढवा!" मी म्हटलं, आणि ते दोघं पुन्हा हसायला लागले. आवाज काढायचा नसतो हे विसरले होते.

इतक्यात ऑरेल दार ढकलून आत. खांद्यावर फळी. मेपलची, हातभर रुंद, दोन्ही बाजूंनी रंधा मारलेली, कडा गोल केलेल्या. कुणी सांगितलं होतं याला? लेआंद्रने नव्हतं सांगितलं, त्याचा चेहराच बोलत होता. ऑरेलने फळी माझ्या खुर्चीपुढे ठेवली, बुटाने दाबून बघितली आणि म्हणाला, "पाइन बसकी वाजते, ताई. बाबा मेपलच घ्यायचे."

"तुला कसं कळलं ही मी आहे?"

"अभ्र्यावर तुझंच भरतकाम आहे." मग मुलाकडे वळला. "फळ्या मोजायला मला माणसं मिळतात. तू गा." आणि दाराजवळ टोपी हातात घेऊन उभा राहिला, शेवटपर्यंत. जन्मात एवढं बोललेला नाही तो मुलाशी.

मी बसले. उजवी टाच, उजवा चवडा, डावी टाच. सुरुवातीला पाय लाकडी झाले होते, कारण आता मला ठाऊक होतं की ते माझे आहेत. लेआंद्रने गिटार थांबवली. "आत्या, मोजा घे हातात." मी सुई आणि मोजा घेतला, अभ्र्याच्या भोकातून बघत टाके घालायला लागले, आणि पाय सुटले. टपालवाल्याचं गाणं एका दमात झालं. बर्फाचं गाणं तर असं झालं की ओदिलाँ यंत्र सोडून मान हलवत होता. ओंडक्यांच्या गाण्यात ऑरेलची टाचही वाजली. ओदिलाँने नंतर विचारलं, काढू का? लेआंद्र म्हणाला, राहू दे.

चौथं ते दिव्याचं संथ गाणं. त्याला ताल काय देणार? मी फक्त एक टाच टेकवत राहिले, हळू, मूल झोपवताना पाठीवर थोपटतात तशी. आणि तेव्हा मला पुरतं कळलं की मी काय करतेय. प्रत्येक ठोक्याबरोबर मी याला घराबाहेर पाठवतेय. थांबवता आलं असतं. एक टाच चुकीची पडली असती तर गाणं गेलं असतं, आणि सूर्य मावळत आला होता, पुन्हा मुदतीत जमलं नसतं. मी टाच चुकवली नाही. अभ्रा ओला झाला. आत फार उकडत होतं, शेगडी जवळ होती.

गाणं संपलं. मग लेआंद्र स्वतःशीच गुणगुणत गिटार पुसायला लागला.

अंधारताना गावातले मुखवटेवाले आले. रियूकाकू नवऱ्याच्या कोटात, त्यांची पोरं पिठाच्या गोण्यांत. सगळे विचारत होते, एर्नेस्तीन कुठाय? मी त्यांच्यातच नाचत होते. साखर-सायीच्या वड्याही खाल्ल्या, अभ्रा वर करून, भिंतीकडे तोंड करून. माझ्या पायांवरून कुणालाच ओळखता आलं नाही. कसं येणार, कुणी पाहिलेत कुठे ते!

२३ मार्च, शनिवार

लेआंद्र गेला. रिळं माझ्या लोकरी शालीत गुंडाळून बॅगेत दिली. स्टेशनवर वारा सोसाट्याचा. मी त्याला ऑरेलचे जुने जाड बूट घालायला लावले होते.

गाडीची शिटी झाली तेव्हा म्हणाला, "आत्या, तू नाही म्हणून राहिली असतीस ना, तर मी काही बोललो नसतो. ऑर्गन वाजवत राहिलो असतो. मला माहीत होतं तुला काय हवंय ते."

मी त्याचा मफलर घट्ट केला. जरा जास्तच घट्ट झाला असावा, कारण खोकला. म्हटलं, "चढ आता, गाडी चुकेल."

घरी येऊन त्याची रजई उचलायला गेले आणि तशीच ठेवून खाली आले.

९ एप्रिल, मंगळवार

दुपारी फोन वाजला, दोन लांब एक आखूड, म्हणजे माझा. उचलला तर लेआंद्र. आमच्या रस्त्यावर सहा घरांची मिळून एक तार आहे. घंटा माझी वाजली तरी फोन सहाही घरांत उचलला जातो, आणि मॉन्ट्रिअलचा असेल तर काय बोलता! कट, कट, कट. मी मोजले, पाचही आले.

"आत्या, घेतली! चारही घेतली! साहेबांनी बर्फाचं गाणं तीनदा ऐकलं. म्हणाले, हे कुठे लपलं होतं? शरद ऋतूत आणखी आठ हवीत, आणि तिथेच करायची म्हणतात, तुझ्या स्वयंपाकघरात. पाठवतील यंत्र."

मला खुर्ची घ्यावी लागली. गेला म्हणून वाईट वाटलं का? वाटलं. आनंद झाला का? इतका झाला की काही सुचेना. बोलले ते एवढंच, "जेवतोस ना नीट?"

"जेवतो. ऐक, एक अडचण आहे. वेष्टनावर नावं छापायची आहेत. गिटार आणि आवाज माझा. पण पाय कुणाचे ते विचारतायत. मी म्हटलं, आमच्याकडे त्यांना मी-कारेम म्हणतात, ओळखायचं नसतं. तुला चालेल ना तेच? फादर आहेत, ऑर्गन आहे, मला कळतं."

तारेवर इतकी शांतता की रियूकाकूंचं घड्याळ ऐकू येत होतं. कुणीतरी श्वास रोखला होता. फादरची स्वयंपाकीण असणार, तिला दमा आहे.

मी उभी राहिले. का ते सांगता येत नाही, पण असं नाव सांगायचं तर उभं राहावं असं वाटलं.

"एर्नेस्तीन बेल्झील," मी म्हटलं, मिस्साला म्हणतात तेवढ्या मोठ्याने. "दोन्ही पाय. ओंडक्यांच्या गाण्यात एक टाच ऑरेलची आहे, तीही लिही."

आधी कुणीतरी हसलं, मग रियूकाकूंना राहवेना, "एर्नेस्तीन, ते तू होतीस? माझ्याबरोबर तीनदा नाचलीस!" आणि मग सहाही घरं एकदम बोलायला लागली. बिचाऱ्या लेआंद्रला मॉन्ट्रिअलहून एक शब्द मध्ये घालता येईना.

फादरना संध्याकाळच्या प्रार्थनेआधी कळलेलं असेलच. मी नेहमीपेक्षा जरा लवकर निघतेय, टणक तळव्यांचे बूट घालून.